निष्ठा गाडीशी की बिल्ल्याशी?

दसऱ्याला आपण मोटार धुतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना करावा तसा तिला वाकून नमस्कार करतो. पुढे जेमतेम तीन आठवडे जातात. पाडव्याच्या मुहूर्तावर तीच मोटार शोरूमच्या दारात नेऊन उभी केली जाते आणि आतल्या टायवाल्या पोराला विचारले जाते, "एक्स्चेंजमध्ये हिचे किती द्याल हो?" दसऱ्याचा देव पाडव्याला भंगार!

आणि गंमत पाहा. हा सौदा करून आलेले गृहस्थच भाऊबीजेला चिवड्याचा बकाणा भरता भरता छाती पुढे काढून सांगतात, "आम्ही म्हणजे पहिल्यापासून अमुक कंपनीचे. दुसऱ्या गाडीला आम्ही शिवत नाही." याला म्हणे निष्ठा! जिने मुलांना शाळेत पोचवले, आजीला रात्रीअपरात्री दवाखान्यात नेले, लग्नाचा बस्ता वाहिला, ती गाडी दारातून गेली तेव्हा यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. तिच्या नाकावरच्या बिल्ल्यावर मात्र अव्यभिचारी भक्ती! माझे भांडण आहे ते या उलट्या निष्ठेशी. कंपनी खुशाल बदला, वाटल्यास दर खेपेला बदला. पण हाताशी असलेली धड गाडी टाकू नका, असे माझे म्हणणे आहे. मोटारींच्या पानपानभर जाहिराती डोळ्यांसमोर नाचत असताना, ऐन दिवाळीत ते मांडायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

या बिल्ल्यांची कुळकथा एकदा तपासून पाहिलीच पाहिजे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारी तिथे जुळवल्या जात. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लायमाऊथ सॅव्हॉय अशी त्यांची भारदस्त नावे. आता या तिघी कोण? सख्ख्या बहिणी! सांगाडा एकच. एकीच्या नाकात नथ, दुसरीला बुगडी आणि तिसरीला नुसतीच चमकी, एवढाच काय तो फरक. पुढच्या जाळीचा पत्रा आणि नावाची अक्षरे बदलली की गाडीचे गोत्र बदलले. तरीही त्या काळी 'आमची डॉज' आणि 'त्यांची प्लायमाऊथ' अशी नाके मुरडणारे महाभाग असणारच.

मग आली फियाट. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची खरी मोटार ती. १९६४ पासूनची तिची 'डिलाइट' अजून कित्येकांच्या तोंडी आहे. पुढे तुरीनच्या मूळ कंपनीशी असलेला करार संपला, इटलीचा बिल्ला गेला आणि तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली. १९७४ साली तिचे पुन्हा बारसे झाले आणि चितोडच्या राणीचे नाव मिळाले: पद्मिनी. इंजिन तेच, अंग तेच. आणि लोक? लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले! यावरून जर काही सिद्ध होत असेल, तर एवढेच की, सामान्य माणसाची ओळख गाडीशी असते, करारनाम्याशी नसते.

अलीकडचा दाखला हवा? फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन एके काळी फियाटच्या पुंटोत होते, टाटांच्या इंडिका व्हिस्टात होते आणि मारुतीच्या स्विफ्टमध्येही होते. म्हणजे एकाच सोसायटीच्या आवारात हे स्विफ्टवाले आणि ते व्हिस्टावाले आपापल्या कंपनीच्या नावाने एकमेकांची उणीदुणी काढत होते, तेव्हा दोघांच्याही बॉनेटखाली एकच इटालियन गुरगुरत होता! आणि २०१९ पासून तर आडपडदाही उरला नाही. मारुतीची बलेनो टोयोटाचा बिल्ला लावून ग्लान्झा झाली आणि २०२३ साली टोयोटाची इनोव्हा मारुतीचा बिल्ला लावून इन्व्हिक्टो झाली. आता 'आम्ही टोयोटाशिवाय दुसरे घेत नाही' म्हणणाऱ्याने नेमके काय घ्यावे, हे त्याच्या कुलदैवतालाच विचारावे लागेल.

बरे, या कंपन्या तरी तुमच्याशी एकनिष्ठ आहेत काय? जनरल मोटर्सने २०१७ साली या देशातली विक्री बंद केली. फियाट २०१९ साली गेली. फोर्डने २०२१ साली इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. आदल्या दिवाळीला हार घालून घरी आणलेल्या गाडीचे सुटे भाग आता मिळणार कुठे, या चिंतेत कित्येक कुटुंबे पडली. अँबॅसिडरची कथा तर याहून बोधप्रद आहे. मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात अर्धशतकाहून अधिक काळ तयार होत होती. २०१४ साली कारखाना थांबला आणि २०१७ साली अँबॅसिडर हे नुसते नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकले गेले. नुसते नाव, बरे का! तुमच्या-आमच्या वाडवडिलांनी त्या नावावर केलेल्या मायेची ती किंमत. आणि त्यातला छदामही कुणा अँबॅसिडरवाल्याच्या हाती आला नाही.

'पण पूर्वी लोक एकाच गाडीचे असत' हे पालुपद मला ऐकवू नका. पूर्वी निष्ठा नव्हती, रांग होती. परवाना-पद्धतीच्या त्या दिवसांत गाडी निवडायची नसे; पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची असे. फियाट, अँबॅसिडर आणि मद्रासची स्टँडर्ड, संपली यादी. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि पाहता पाहता त्या निष्ठावंतांची रांग उठून नव्या दाराशी जाऊन बसली. त्यांनी काही पाप केले असे मी म्हणणार नाही. हलकी, कमी पेट्रोल पिणारी गाडी मिळत असेल तर ती घ्यावी. जो विकतो त्याच्याशी लग्न लावू नये. कंपनी बदलणे हा व्यभिचार नव्हे, बाजारहाट आहे.

मात्र म्हणून दर चार वर्षांनी नवी गाडी दारात हवी, या रोगाचेही मी समर्थन करणार नाही. हप्ते फिटत आले की हात सळसळू लागतो. शेजाऱ्याच्या गाडीला छतावर काचेची खिडकी आली, की आपल्या घरात अंधार पडतो! लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १२,००० रुपयांची फियाट घेतली, त्यासाठी पंजाब नॅशनल बँकेचे ५,००० रुपयांचे कर्ज काढले आणि १९६६ साली त्यांच्या निधनानंतर ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडले. ती गाडी आजही दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे. आमच्याकडे मात्र कर्ज फिटण्याआधीच गाडीचा कंटाळा फिटतो.

आता जुन्या गाडीकडे वळतो, कारण माझा जीव तिथे आहे. माझ्या दारात दोन गाड्या आहेत. एक १९८९ सालची पद्मिनी, दुसऱ्या हाताची. दुसरी २००७ सालची, वेगळ्याच कंपनीची लहान गाडी. पद्मिनी सकाळी चोक ओढल्याखेरीज उठत नाही. गिअरचा दांडा सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला, त्यामुळे पुढचा बाक मोकळा. तिथे दोघे ऐसपैस आणि मध्ये एक नातू. दारावरची तिकोनी काच फिरवली की वारा नेमका छातीवर येतो. बॉनेट उघडले तर इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसते आणि प्रत्येक वस्तू कशासाठी आहे ते समजते. हा पंप, हा कार्बोरेटर, ही कॉइल, हे चार प्लग. गाडी अडली तर या चौघापाचांपैकी कुणाचे तरी बिनसले आहे, एवढे कळायला इंजिनियर व्हावे लागत नाही. आमचा मेस्त्री नुसता कान देऊन सांगतो, "काका, हिला आजार नाही झालेला, उपास घडलाय. पेट्रोल येत नाही वरपर्यंत." आणि फुंकर मारून जेट साफ करतो. हे ज्ञान पैशाने विकत मिळत नाही. एकाच गाडीबरोबर अनेक वर्षे काढली तरच अंगी येते. घरातल्या माणसाचा खोकला साधा की काळजीचा, हे आईला कळते ना, तसे.

दुसऱ्या गाडीच्या खिडकीची काच मध्ये एकदा वर येईना. एका नामांकित वर्कशॉपात नेली. तिथल्या तरुणाने गाडीकडे पाहिलेही नाही, हातातल्या पाटीवजा यंत्राकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. आणि खरे सांगू? आता गाडी काढूनच टाका." काच वर करायला गेलेला माणूस नवी गाडी घेऊन परतावा, ही त्यांची इच्छा! गल्लीतल्या आमच्या मेस्त्र्याने दाराचा पत्रा उघडला, तुटलेली तार बदलली, चहा घेतला आणि काच वर गेली. दुरुस्ती ही कला आहे, अदलाबदल ही हमाली आहे. आपण पहिलीला भीक लावून दुसरीला वातानुकूलित दालन बांधून दिले आहे.

जुन्या गाडीच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांशीही माझे जमत नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंद ताडदेवच्या आर. टी. ओ.त २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. केवढे हळहळले लोक! पण त्या हळहळणाऱ्यांतले किती जण आदल्या दहा वर्षांत तिच्यात बसले होते? त्यांना टॅक्सी नको होती, तिचे चित्र हवे होते, चहाच्या कपावर छापायला. जुनी गाडी ही भाजी आणायला न्यायची वस्तू आहे. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापते, पावसाळ्यात तिच्या डिस्ट्रिब्यूटरला ओल धरते, घाटात तिला पाणी पाजावे लागते. आमच्या सौभाग्यवतींचे तिच्याविषयीचे मत या कौटुंबिक अंकात छापण्याजोगे नाही. तरी मंडईत जायचे म्हटले की त्याच पद्मिनीच्या चाव्या मागतात, कारण नव्या गाडीला ओरखडा पडेल ही धास्ती तिथे नसते!

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला जिवाचा. पद्मिनीत एअरबॅग नाही, चाके घसरू न देणारा ब्रेक नाही. चालकापुढची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली तीच मुळी जुलै २०१९ पासून. तेव्हा द्रुतगती मार्गावर लेकुराबाळांना घेऊन जुनी गाडी दामटणे हा शहाणपणा नव्हे. तिथे नवी गाडी घ्यावी, एस. टी. घ्यावी, आगगाडी घ्यावी. दुसरा आक्षेप धुराचा. जुने इंजिन नव्यापेक्षा घाण धूर सोडते, हे मी नाकारत नाही. पण महिन्यातून शंभर किलोमीटर फिरणारी जुनी गाडी आणि रोज शंभर फिरणारी नवी गाडी यांचा हिशेब मांडताना नुसती जन्मतारीख पाहणार काय? आणि नवी गाडी घडवताना जे पोलाद वितळले, जे रबर नि रंग खर्ची पडले, त्या धुराची नोंद कुणाच्या नावावर?

सरकारने मात्र जन्मतारखेलाच धरले आहे. पंधरा वर्षांनंतर मोटारीची पुनर्नोंदणी करायची, त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांची ५,००० झाली. २०२५ साली वीस वर्षांपुढच्या मोटारीला ती १०,००० झाली. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत हरित लवादाने दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावरून उठवली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि १ जुलै २०२५ ला तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असा फतवा अमलात आला. लोकांनी एवढा गिल्ला केला की दोन-तीन दिवसांतच तो आवरता घ्यावा लागला. धूर मोजायचे यंत्र असताना पंचांग कशाला काढता? ज्या गाडीचा धूर मर्यादेत आहे, ब्रेक लागतात, दिवे पेटतात, तिला चालू द्या. जी नापास होईल ती तीन वर्षांची असली तरी उभी करा. मी याहून अधिक काही मागत नाही.

आणि याच सरकारने २०२१ साली आणखी एक नियम केला. पन्नास वर्षांची, मूळ रूपात जपलेली मोटार असेल तर ती ऐतिहासिक वारसा! तिला वेगळी नंबरपाटी, तिच्यावर व्ही. ए. ही अक्षरे, २०,००० रुपये नोंदणी-फी आणि मान. फक्त रोजच्या वापराला तिला रस्त्यावर न्यायची नाही. म्हणजे पंधराव्या वर्षी जी अडगळ, ती पन्नासाव्या वर्षी दागिना. मधली पस्तीस वर्षे तिने कुठे लपून काढायची, ते नियमात लिहिलेले नाही. माझी पद्मिनी २०३९ साली पन्नाशीची होईल. तोवर दर पाच वर्षांनी मी तिला तपासणीला नेईन, फी भरीन, कर भरीन. मग तिला वारशाची पाटी मिळेल. आणि भाजी आणायला मात्र मला पिशवी घेऊन पायी जावे लागेल.