पाच सालची रेघ

आमच्या गावभागातल्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची एक रेघ आहे. साधारण कमरेएवढ्या उंचीवर. 2005 च्या पुराचं पाणी ओसरल्यावर आजोबांनी ती मारली. आम्ही नातवंडं तिच्याशेजारी उभं राहून आपली उंची मोजायचो. रेघेच्या वर डोकं गेलं की आपण मोठे झालो, असा आमचा हिशोब.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आजोबांनी त्याच रेघेकडे बोट दाखवलं. म्हणाले, ‘‘पाच सालापेक्षा जास्त येतंय व्हय पाणी? हितनं वर सगळं ठेवा, झालं.’’ आम्ही ठेवलं. टेबलावर ट्रंक, ट्रंकेवर गाद्या, गाद्यांवर माझी पुस्तकं. रेघेच्या चांगलं हातभर वर. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 ला ते साडेत्रेपन्न फुटांच्या आसपास होतं. म्हणजे फरक जवळपास चार फुटांचा. कमरेची रेघ डोक्यावर गेली. ट्रंक, गाद्या, पुस्तकं, सगळं पाण्याखाली.

पुढचे चार दिवस आम्ही वरच्या मजल्यावर. लाइट नाही, मोबाइल मेलेला, आजीचं इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रिजमध्ये. पाचव्या दिवशी बोट आली. आजी वाचली, म्हणून हे आज जरा हसत सांगता येतंय. सगळ्यांना असं सांगता येत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आज कॉलेजात असलेले आपण तेव्हा शाळेत होतो. ‘जायचं की थांबायचं’ हे आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारतील. नाही विचारलं तरी बोलायला लागेल, कारण घरात पाणीपातळीचा मेसेज सगळ्यात आधी आपल्याच मोबाइलवर येतो. म्हणून हा लेख पाऊस जोर धरायच्या आधी.

माझं म्हणणं एवढंच आहे : जुन्या पुराच्या रेघेवर विसंबून घरात थांबायची आपली सवय मोडायला हवी. आणि ती आपल्या पिढीनंच मोडायला हवी.

थांबणारे लोक येडे नसतात, हे आधी मान्य करू. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळच्या पट्ट्यात दावणीला दोन म्हशी असलेला माणूस म्हशी सोडून जाईल कसा? दूध हेच त्याचं महिन्याचं गणित. शहरात चोरीची भीती. शाळेत सोय केली तर दीडशे माणसांत दोन संडास, मग घरातली बाई म्हणते, ‘‘त्यापेक्षा माळ्यावर बरी.’’ शिवाय नदी आपली आहे. तिच्या काठावर जन्म गेलेल्याला ‘पळा’ म्हटलेलं लागतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. आपला पूर ओसरून तीनेक आठवडे झाले होते, तेव्हा 1 सप्टेंबर 2019 ला डोरियन नावाचं चक्रीवादळ बहामाच्या अबाको बेटांवर आदळलं. सगळ्यात वरच्या, पाचव्या श्रेणीचं. पुढं ग्रँड बहामा बेटावर तर ते दिवसभराहून जास्त वेळ ठाण मांडून बसलं. बेटं सपाट, समुद्रापेक्षा जेमतेम काही फूट उंच. ‘निघा’ अशा सूचना आल्या होत्या. तरी बरेच जण थांबले, कारण आधीची वादळं त्यांनी त्याच घरांत काढली होती. त्यांच्या भिंतींवरही एक रेघ होती म्हणा ना, फक्त ऑइलपेंटची नव्हती.

कृष्णाकाठचं गाव पुरात बेटच होतं. चारी बाजूंनी रस्ते बुडतात आणि मग उरते फक्त बोट. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं ब्रह्मनाळ 2019 ला असंच बेट झालं होतं. 8 ऑगस्टला माणसांनी भरलेली बोट तिथं उलटली. डझनभराहून जास्त लोक गेले, त्यात बायका आणि लहान लेकरं. बोटी कमी, माणसं जास्त. दोष त्या बोटीत बसलेल्यांचा नव्हता. पण एक गोष्ट ती दुर्घटना स्पष्ट सांगते. शेवटपर्यंत थांबलं की शेवटची बोट आपण निवडत नाही. जी येईल, जशी येईल, तिच्यात बसावं लागतं.

आता जरा वर, साताऱ्याकडे बघू. 22 जुलै 2021 ची रात्र. महाबळेश्वरला 24 तासांत 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला आणि घरंच्या घरं गाडली गेली. पावसाचा अंदाज होता, पण नेमका कुठला डोंगर कधी सुटेल हे कोण सांगणार? त्या लोकांना उंबरा ओलांडायलाही वेळ मिळाला नाही.

आणि आपण खालचे? वर कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरला पडलेला पाऊस आधी धरणांत जातो. कोयना धरणाची क्षमता 105 टीएमसीची. दरवाजे उचलले की पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, मग वळणं घेत घेत खाली येतं. सांगलीपर्यंत यायला त्याला तास न् तास लागतात. हरिपूरला वारणा येऊन मिळते. विसर्ग किती क्युसेक, पातळी किती फूट, सगळं जाहीर होत असतं. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. वरच्यांना जो वेळ मिळाला नाही तो आपल्याला मिळतो. आणि आपण काय करतो? पुलावर जाऊन पाण्यासोबत सेल्फी काढतो आणि ‘कृष्णामाई’ स्टेटसला टाकतो.

मग करायचं काय? माझा एक साधा उपाय आहे. आपला फूट ठरवा.

सांगलीत प्रत्येक गल्लीला माहीत असतं, आयर्विनला किती फूट झाले की आपल्या दारात पाणी येतं. दत्तनगरचा आकडा वेगळा, सूर्यवंशी प्लॉटचा वेगळा, गावभागाचा वेगळा. तो आकडा घरात विचारून घ्या. त्यातून चार-पाच फूट वजा करा. तो आपला निघायचा फूट. कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या आकड्याला पाणी आलं की चर्चा बंद, आणि निघायचं ते दिवसाउजेडी, रस्ता कोरडा असताना. आकडा आत्ताच, डोकं शांत असताना ठरवायचा. रात्री दोन वाजता पाणी पायरीला लागल्यावर घरातलं कुणीच शहाणपणानं बोलत नाही, हे मी पाहिलंय.

जायचं कुठं, तेही आत्ताच ठरवा. विश्रामबागेत मावशी आहे, मिरजेत मित्र आहे, तर आजच फोन करा. कागदपत्रं, औषधं, चार्जर एका पिशवीत. गावाकडं असाल तर जनावरं कुणाच्या माळावर बांधायची हे आधी बोलून ठेवा. म्हैस हलली की मालक हलतो, हे कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं. प्रशासनाकडंही हेच मागा : निवारा केंद्रात जनावरांची सोय, बायकांसाठी पुरेसे संडास. नुसतं ‘स्थलांतर करा’ म्हणून भोंगा फिरवून माणूस घर सोडत नाही.

हे जमतं का? ओडिशानं करून दाखवलंय. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे 10,000 माणसं गेली. मग निवारे बांधले, गावोगाव तरुण पोरं तयार केली. 2013 ला फायलिन आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं. वादळ मोठं होतं, पण मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला.

एक अडचण राहतेच. कित्येक वर्षी पाणी तुमच्या फुटाच्या पुढं जातं आणि दारात न येताच मागं फिरतं. मग घरी परत आल्यावर कट्ट्यावर टोमणे बसतात, ‘‘काय भावा, उगाच पळालास!’’ ऐकून घ्या. हेल्मेट घातलं आणि अपघात झाला नाही, म्हणून कुणी हेल्मेट फेकून देत नाही.

आमच्या भिंतीवर आता तीन रेघा आहेत. पाच सालची, 2021 ची आणि सगळ्यात वर, डोक्याच्याही वर, 2019 ची. ती बघून परवा काका सहज म्हणाले, ‘‘आता एकोणीसपेक्षा जास्त कुठं येतंय!’’

मी काही बोललो नाही. कॅलेंडर घेतलं आणि आमचा आकडा लिहून फ्रिजवर चिकटवला. आजोबांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, ‘‘दोन फूट अजून कमी कर. आता मला जिना उतरायला वेळ लागतो.’’

तुमच्या घरचा फूट किती? आज रात्री जेवताना विचारा.