आधी बाबांना विचारलं, मग प्रिंटरला

परवा संध्याकाळी आमचा प्रिंटर हरवला. म्हणजे होता जागेवरच, आतल्या खोलीत. पण हॉलमधल्या कॉम्प्युटरला तो दिसेना. इंटरनेट मस्त चालू, नुकतंच ताईशी अमेरिकेत व्हिडिओवर बोलणं झालेलं. आणि दहा पावलांवरचा प्रिंटर म्हणे ‘ऑफलाइन’! बाबांचा हयातीच्या दाखल्याचा अर्ज छापून सकाळी बँकेत द्यायचा होता.

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "बाबा, तुम्ही काही दाबलंत का?" ते "नाही रे" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मग तासभर कॉम्प्युटर बंद-चालू, ड्रायव्हर काढ, परत टाक. शेवटी कंटाळून प्रिंटरच्या बटणांवरून त्याची नेटवर्कची माहिती छापली. पत्ता निघाला १९२.१६८.१.९. कॉम्प्युटर मात्र १९२.१६८.१.५ वर हाका मारत होता. ५ ला पिंग केलं, उत्तर नाही. ९ ला केलं, लगेच "ओ" आली.

झालं होतं इतकंच की दुपारी कात्रपला वीज गेली होती. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो राउटर, आणि तेही ठरावीक मुदतीचे. वीज आल्यावर प्रिंटरने नव्याने पत्ता मागितला. बहुतेकदा जुनाच मिळतो, पण तशी हमी नसते. भाडेकरूने त्याच बिल्डिंगमध्ये खोली बदलावी आणि पोस्टमनने जुन्याच दाराची कडी वाजवावी, तसं. नवा पत्ता कॉम्प्युटरला दिला आणि राउटरमध्ये तो प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवला. पाच मिनिटांचं काम!

माझं मत विचाराल तर घरोघरी अशा वेळी आपण यंत्राआधी माणूस तपासतो, आणि तोही घरातला सगळ्यात म्हातारा. खरं तर दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आहेत का (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय असेल तर त्यावरून बहुधा घरातली यंत्रं दिसत नाहीत), पत्ता तोच आहे का, पिंगला उत्तर येतं का, एवढं आधी बघावं. मग हवं तर माणसांकडे वळावं.

अर्ज बाबांच्या हातात देत म्हटलं, "तुमची काही चूक नव्हती."

"मी तेच सांगत होतो," ते म्हणाले. "तू कॉम्प्युटरशी बोलत होतास."

असो. प्रिंटरचा पत्ता आता राउटरवर चिकटवून ठेवलाय.