पदव्युत्तर शिक्षण : कोणासाठी आणि कशासाठी?

पदवी परीक्षांचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे पुन्हा एकदा रांगा दिसू लागतात. गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांची चळत हातात धरून उभ्या असलेल्या एखाद्या तरुणाला “एम. ए. ला प्रवेश का घेतो आहेस?” असे विचारले, तर तो बहुधा गोंधळतो. “बी. ए. झालो म्हणून” याखेरीज त्याच्यापाशी उत्तर नसते. सातवीनंतर आठवी यावी, तशी बी. ए. नंतर एम. ए. येते, अशी आपल्या समाजाची समजूत आहे. वस्तुतः पदवी मिळेपर्यंतचे शिक्षण हे समाजाने तरुणाला द्यायचे असते. त्यापुढचे शिक्षण त्याने स्वतः निवडायचे असते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे किती जणांची उमेदीची वर्षे कशी खर्ची पडतात, ते शिक्षक म्हणून मी जवळून पाहिले आहे. आणि त्यात माझाही वाटा आहे.

काही दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आपल्या भाचीला घेऊन घरी आला. मुलगी इतिहास घेऊन नुकतीच बी. ए. झाली आहे. “सर, हिनं एम. ए. करावं का, ते तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. प्रश्न साधा होता. परंतु तो याने विचारावा, हे साधे नव्हते. वीस वर्षांपूर्वी हाच विद्यार्थी बी. ए. उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन एका सहकारी पतसंस्थेत कारकून म्हणून लागण्याच्या बेतात होता. त्याने एम. ए. करावे असा आग्रह मी धरला. त्याने माझे ऐकले. एम. ए. केले, सेट उत्तीर्ण झाला, सात वर्षे खर्चून पीएच. डी. मिळविली, आणि आज चाळिशी उलटल्यावर तो दोन तालुक्यांच्या गावी एस. टी. ने हेलपाटे घालीत तासिका तत्त्वावर शिकवितो आहे. जेवढे तास तेवढे पैसे. सुटीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, याची शाश्वती नाही.

मी आग्रह धरला तेव्हा त्याच्या बुद्धीविषयी मला खरीच आस्था होती. परंतु आमच्या विभागाची पटसंख्या त्या वर्षी कमी होती. वर्ग भरला नाही तर तो बंद पडेल, कार्यभार कमी होईल, एखाद्या सहकाऱ्याची बदली होईल, ही चिंताही माझ्या मनात होती. हे मी त्याला त्या वेळी सांगितले नव्हते. आज सांगणे प्राप्त आहे. कारण ही कहाणी माझ्या एकट्याची नाही. वर्ग टिकविण्यासाठी विद्यार्थी गोळा करणारे शिक्षक आणि नोकरी मिळेपर्यंत वर्गात बसून राहणारे विद्यार्थी, अशा दोन गरजांच्या संगनमतावर आपले कितीतरी पदव्युत्तर विभाग चालले आहेत.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर हे वर्ग म्हणजे पुष्कळदा प्रतीक्षालये झाली आहेत. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांमध्ये रात्रंदिवस लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे कित्येक तरुण कागदोपत्री कोठेतरी एम. ए. करीत असतात, वसतिगृहाची खोली मिळावी आणि गावाकडे “शिकतो आहे” असे सांगता यावे, एवढाच त्याचा उपयोग. मुलींच्या बाबतीत लग्न ठरेपर्यंतची सोय म्हणून एम. ए. चा विचार होतो. यांना हसण्याचे कारण नाही. एखाद्या खेड्यातल्या मुलीला घराबाहेरची ती दोन वर्षे हीच आयुष्यातली मोकळी हवा असेल, तर तिने ती अवश्य घ्यावी. मात्र प्रतीक्षालयाला प्रतीक्षालय म्हणण्याचा प्रामाणिकपणा आपल्यापाशी असला पाहिजे. तिथे बसल्याने गाडी येत नाही; आणि बाहेर पडायला जितका उशीर होईल, तितके बाहेर पडणे अवघड होते.

हिशेब वर्षांचा करावा लागतो, तो फार थोडे जण करतात. एकविसाव्या वर्षी बी. ए., तेविसाव्या वर्षी एम. ए.; मग नेट किंवा सेट उत्तीर्ण होण्यात एक-दोन वर्षे; त्यानंतर पीएच. डी. ची नोंदणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच. डी. ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे. तीत आणखी दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते आणि स्त्री-संशोधकांना त्याहूनही दोन वर्षांची सवलत आहे. म्हणजे सारे सुरळीत झाले तरी हातात पदवी पडेपर्यंत तिशी येते. ज्याला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली त्याचे बरे. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७ हजार रुपये झाली आहे. परंतु ती मिळणारे थोडे. बाकीच्यांचे संशोधन वडिलांच्या शेतीवर, भावाच्या पगारावर किंवा स्वतःच्या तासिकांवर चालते. एम. ए. चे शुल्क अनुदानित महाविद्यालयात फारसे नसते, म्हणून ते स्वस्त वाटते. पण त्याची खरी किंमत पैशात नसून वयात आहे, आणि वय परत मिळत नाही.

“पदवी असली तर केव्हातरी उपयोगी पडेलच,” असे यावर सांगितले जाते. या आशेला नियमांचा भरवसा किती, तेही पाहू. विद्यापीठीय विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२१ पासून पीएच. डी. अनिवार्य होणार, असे आयोगाने २०१८ मध्ये जाहीर केले. ती मुदत जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली; आणि ती येऊन ठेपली तेव्हा नेट-सेट हीच किमान अर्हता ठरून पीएच. डी. ऐच्छिक झाली. एम. फिल. ही पदवी तर २०२२ च्या नियमावलीने बंदच केली. हे निर्णय बरे की वाईट, हा वेगळा प्रश्न. परंतु केवळ नियमासाठी ज्यांनी विषय निवडला, मार्गदर्शक गाठला आणि प्रबंध रेटला, त्यांच्या पायाखालची जमीन या बदलांनी सरकली, हे खरे. नियमासाठी घेतलेली पदवी नियमाबरोबर जाते. प्रश्नासाठी केलेला अभ्यास मात्र उरतो.

प्रश्नासाठी अभ्यास करणे म्हणजे काय, हे सांगायला दूर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठविले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली, कोलंबियाची पीएच. डी. तर १९२७ साली हाती आली. एवढी वर्षे, एवढे अडथळे मनुष्य केवळ नावामागच्या अक्षरांसाठी सोसत नाही. जातीची उत्पत्ती, प्रांतांची वित्तव्यवस्था, चलनाचे धोरण हे त्यांच्या दृष्टीने परीक्षेचे विषय नव्हते. ज्या समाजाला उभे करायचे, त्याला कोणी आणि कसे जखडले आहे, याचा तो शोध होता.

याच्या उलट दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी हार्वर्डची १९२९ ची पदवी होती, पीएच. डी. नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले; आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला त्यांनी जे वळण दिले, त्यासाठी कोणत्याही विद्यापीठाच्या इतिहास विभागात त्यांना नाव नोंदवावे लागले नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी मुंबईत वकिली करता करता धर्मशास्त्राच्या इतिहासाचा संकल्प सोडला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला, शेवटचा १९६२ मध्ये. जो कारकून दिवसभर फायली हातावेगळ्या करून रात्री वाचतो, त्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. नोकरी धरली म्हणजे विद्येचे दार बंद झाले, असे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी उभे आहे. पाच-सात वर्षे नोकरी करून, आपल्याला काय हवे ते कळल्यावर पुन्हा वर्गात येणारा विद्यार्थी हा माझ्या अनुभवात सर्वांत उत्तम विद्यार्थी ठरला आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. “ज्ञानासाठी ज्ञान हे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाला, त्याला पदवी ही प्रतिष्ठेची आणि भाकरीची बाब आहे. त्याला तुम्ही परत पाठविणार काय?” मुळीच नाही. उलट त्याच्याच बाजूने मी हे लिहीत आहे. प्राध्यापकाच्या मुलाला विभागातली आतली माहिती जेवणाच्या ताटावर मिळते: जागा किती, कोणता मार्गदर्शक विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडतो, कोणत्या विषयाला मागणी आहे. शेतमजुराच्या मुलाला हे सांगणारे घरात कोणी नसते. त्याने चुकीचा रस्ता धरला, तर त्याच्यापाशी परतीचे भाडेही नसते. म्हणून त्याला उत्तेजन देण्याआधी खरी माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. खोट्या आशेइतकी महाग वस्तू गरिबाला दुसरी नाही.

तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी तरुणांनी स्वतःला तीन-चार गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमाबाहेरचे, कोणी न सांगता वाचलेले या विषयावरचे शेवटचे पुस्तक कोणते? नाव आठवत नसेल, तर थांबावे. पुढची दोन किंवा आठ वर्षे कोणाच्या पैशावर काढायची आहेत, आणि त्या माणसाला हे स्पष्ट सांगितले आहे काय? ज्यांच्या हाताखाली काम करायचे, त्यांचे किती विद्यार्थी प्रबंध पुरा करून बाहेर पडले, आणि किती वर्षांत? हे त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना भेटून विचारता येते. त्यात संकोच कसला? ज्या विषयात उतरायचे त्यातला एखादा मंजूर झालेला प्रबंध ग्रंथालयात किंवा शोधगंगेच्या संकेतस्थळावर काढून तो शेवटपर्यंत वाचून पाहावा. वाचताना कंटाळा येत असेल, तर लिहिताना काय होईल, याचा विचार करावा. आणि शेवटचा प्रश्न: या पदवीने प्राध्यापकाची जागा मिळालीच नाही, तरी ही वर्षे वाया गेली असे वाटणार नाही, अशी खात्री आहे काय? या प्रश्नाला ज्याचे उत्तर मनापासून “होय” असे येईल, त्याने कोणाचेही न ऐकता पुढे जावे. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळविणाऱ्याला थेट पीएच. डी. कडे जाण्याची वाट खुली झाली आहे. म्हणजे हे प्रश्न आता एम. ए. च्या वर्गात नव्हे, तर पदवीच्या तिसऱ्या वर्षीच विचारावे लागतील.

शासनाची जबाबदारी याने कमी होत नाही. अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, तीच कामे तासिका तत्त्वावर करून घ्यायची, आणि संशोधनाच्या अधिछात्रवृत्तीसाठी तरुणांना आझाद मैदानात बसायला लावायचे, हे विद्येची चाड असणाऱ्या राज्याला शोभणारे नाही. परंतु शासन सुधारेपर्यंत आम्ही शिक्षकांनी खरे बोलायला काय हरकत आहे? प्रत्येक पदव्युत्तर विभागाने आपल्या गेल्या दहा वर्षांतले विद्यार्थी आज काय करीत आहेत, याची साधी यादी सूचनाफलकावर लावावी. काही विभागांचे वर्ग ओस पडतील. पडू देत. जे उरतील ते खरे विद्यार्थी असतील.

त्या दिवशी मी त्या मुलीला “कर” किंवा “करू नको” असे काहीच सांगितले नाही. आधी तिच्या मामाला वीस वर्षांपूर्वीच्या पटसंख्येची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. पण कदाचित मी एम. ए. केलंच असतं.” मुलीला मी विचारले, इतिहासातली कोणती गोष्ट तुला खरोखर जाणून घ्यायची आहे? ती बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, तिच्या गावातली विहीर कोणी बांधली, आणि तिच्या आजीला त्या विहिरीवर पाणी का भरू देत नसत, हे तिला शोधायचे आहे. एक वर्ष नोकरी धर, सुटीच्या दिवशी म्हाताऱ्यांना विचार, तलाठ्याकडचे जुने कागद पाहा, आणि वर्षानंतरही प्रश्न तसाच टोचत असेल तर ये, असे मी तिला म्हटले. ती आली, तर विभागाची पटसंख्या एकाने वाढेल. या वेळी मात्र ती वाढावी, म्हणून मी काही बोललेलो नाही.