खड्डा यंत्र खणेल, हिशेब आपणच मांडायचा



ट्रॅक्टरच्या मागे जोडून खड्डे करणारे यंत्र घ्यावे का, हा प्रश्न बैठकीत वारंवार येतो. कुणी त्याला होल डिगर म्हणतो, कुणी नुसते गिरमिट. आमचे मत सरळ आहे. कुंपणाच्या खांबांसाठी ते जरूर वापरावे. झाडाच्या खड्ड्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. आणि एकट्याने कर्ज काढून तर मुळीच विकत घेऊ नये.

आधी त्याचा गुण सांगतो. सब्बल-फावड्याने दोन फूट खोल जायचे, तर हात फिरायला खड्डा वर रुंद करावा लागतो. मग खांबाभोवती भुसभुशीत माती राहते आणि खांब डुलतो. नऊ इंची गिरमिट तेवढ्याच मापाचा सरळ खड्डा करते, बाजूची जमीन घट्ट राहते. मुरमात माणसाचे खांदे मोडतात, तिथे यंत्राचा खरा उपयोग. पण मुरूम संपून काळा पाषाण लागला की यंत्र थांबते. तिथे जोर लावला तर दाते झिजतात, डिझेल जळते, खड्डा होत नाही.

काळ्या जमिनीत वेळ साधावी लागते. पावसाळ्यात चिखल फिरकीला चिकटतो, वर येत नाही. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते. दिवाळीनंतर वाफसा असतो, तेव्हा धुऱ्यावर यंत्र चालवावे. अर्धा फूट खणून फिरकी वर घ्यावी, माती झटकावी, पुन्हा खाली सोडावी. एका दमात खाली घातली तर ती स्क्रूसारखी रुतून बसते. खांब रोवल्यावर भोवती काळी माती भरू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब सैल होतो. मुरूम आणि गोटे घालून ठोकून भरावे.

आता आमची चूक सांगतो. शेतीची पदवी आमच्याकडे होती, तरी ती झालीच. संत्र्याच्या कलमांसाठी भारी जमिनीत, ओल असतानाच, एक फुटी गिरमिटाने खड्डे करा, असा सल्ला आम्ही दिला होता. फिरकीने खड्ड्याच्या भिंती मडक्यासारख्या गुळगुळीत लिंपल्या. पावसाचे पाणी आत साचले, मुळांना बाजूला शिरता येईना. बरीच कलमे पिवळी पडली आणि मेली. पैसे शेतकऱ्याचे गेले, आमचा फक्त सल्ला गेला.

हिशेबही तेच सांगतो. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा म्हणजे २७ घनफूट माती मोकळी होते. एक फुटी गिरमिटाने तीन फूट खणले तर जेमतेम अडीच घनफूट, म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली, तेव्हा मोठे खड्डे खणायला का सांगितले जात होते, ते यावरून कळते. यंत्र वापरायचेच असेल तर वाफशावर जवळजवळ चार छिद्रे पाडावी, मधली माती हाताने काढावी आणि भिंती फावड्याने खरवडाव्या. मजुराचे कष्ट कमी होतात, त्याचे कामही सगळे जात नाही.

पण कुंपणाची वेळच आपल्यावर का आली? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रोही आणि रानडुकराला संरक्षण दिले. त्यांच्यापासून पिकाला संरक्षण द्यायचा खर्च मात्र आपल्या खिशातून. ज्वारी हुरड्यावर आली की रात्रभर माळ्यावर जागायचे, नाहीतर ज्वारी पेरणेच सोडायचे. कित्येकांनी सोडली. कडबा गेला, त्यामागे बैलही गेले. म्हणून हा प्रश्न एका अवजारापुरता नाही. जनावर सरकारचे असेल, तर त्याने केलेली नासाडीही सरकारचीच, ही मागणी सोडायची नाही.

तोवर कुंपण तर करावेच लागेल. ते कसे करायचे, याचे गणित मांडू. पाच एकरांचा चौरस तुकडा घेतला तर घेर सुमारे १,८६६ फूट. दर दहा फुटांना एक खांब धरला तर १८७ खांब. असे चार शेजारी वेगवेगळे कुंपण करतील तर ७४८ खांब लागतील. चौघांनी मिळून वीस एकरांना एकच कुंपण केले तर घेर ३,७३४ फूट, खांब ३७४. खड्डे निम्मे, तारही निम्मी. कोणतेही यंत्र वाचवणार नाही एवढा पैसा चार धुरेकरी एकत्र बसले तर वाचतो. भांडण धुऱ्याचे असेल तर आधी ते मिटवा. तार ओढतानाही ध्यानात ठेवा, रोही वरून उडी मारते आणि रानडुक्कर खालून घुसते. खालची तार जमिनीलगत ताणा, जमल्यास जाळी लावा. घरची वीज तारेत सोडणे हा गुन्हा आहे. त्यात आपलीच माणसे मरतात.

यंत्र भाड्याने आणताना दर तासावर नको, पूर्ण खोलीच्या खड्ड्यावर ठरवा. पीटीओच्या शाफ्टवर झाकण नसेल तर यंत्र परत पाठवा. धोतर, उपरणे, पदर, काहीही त्यात अडकले तर माणूस ओढला जातो. वजन पडावे म्हणून यंत्रावर कुणी उभे राहू नये. फिरकी रुतली तर आधी पीटीओ काढा, इंजिन बंद करा आणि मोठ्या पान्याने ती हाताने उलटी फिरवा. मऊ बोल्ट तुटतो तो यंत्र वाचवायला. त्या जागी पोलादी बोल्ट घालू नका, नाहीतर गिअरबॉक्स फुटेल.

जिल्हा बैठकीपुढे आमचा एकच प्रस्ताव आहे. प्रत्येक गावाने लागून असलेल्या शेतांची यादी करून आणावी. दिवाळीनंतर एक यंत्र गावागावांत पाळीपाळीने फिरवू. एवढे जमले तर सरकारकडे नासाडीचा हिशेब मागायलाही आपण एकत्रच जाऊ.