जीभ टोचल्याने वाचा जात नाही, हिरडी जाते

घरातलं तरुण पोर जीभ टोचून आलं की दोन पक्ष पडतात. मोठ्यांचं म्हणणं: शीर तुटेल, वाचा जाईल, चव जाईल, तोंड वाकडं होईल. पोराचं उत्तर तयार असतं: बारशाला बाळाचे कान टोचता, आजीने नाक टोचलं, थैपूसमच्या उत्सवात तमिळ भाविक जिभेतून ‘वेल’ (छोटा भाला) आरपार काढतात, कुणाला काय झालं? दोघेही तावातावाने बोलतात आणि खऱ्या धोक्याला दोघेही हात लावत नाहीत.

आधी मोठ्यांच्या भीतीकडे वळू. जीभ टाळूला लावून आरशात पाहा. खाली मधोमध एक बंध दिसेल, त्याच्या दोन बाजूंना निळसर शिरा. धमन्या त्याहून खोल, पण त्याही डाव्या-उजव्या बाजूलाच. मधोमध तंतूंचा पडदा असतो आणि तिथे मोठी रक्तवाहिनी नसते. जाणता टोचणारा हीच रेषा धरतो: बंधाच्या पुढे, टोकापासून दीड-दोन सेंटीमीटर मागे. तिथे सुई गेली तर थोडं रक्त येतं आणि थांबतं. चवीच्या कळ्या जिभेभर पसरलेल्या आहेत, एका भोकाने त्या संपत नाहीत. चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसा तर जिभेतून जातच नाहीत, मग तोंड वाकडं व्हायचं कसं? अर्थात हे सगळं मधली रेषा सापडली तरच. सुई बाजूला सरकली तर रक्त सहजी थांबत नाही, म्हणून मित्राच्या खोलीत सुई गरम करून केलेला प्रयोग हा शुद्ध अविचार आहे.

आता दुसरा पक्ष. थैपूसमचा दाखला मला कधीच पटलेला नाही. ती वेल व्रत पूर्ण झालं की त्याच दिवशी निघते. ब्रिटिश म्युझियममध्ये यश्चिलानची एक माया शिल्पपट्टी आहे. तिच्यात राणी जिभेतून काटेरी दोर ओढते आहे, प्रसंग इ. स. 709 चा. तोही विधी, आणि तोही दोर बाहेर येणारा. आजची स्टीलची दांडी मात्र वर्षानुवर्षं तोंडात राहते. नाकातली चमकी किंवा कानातली कुडी कुठल्या दाताला घासत नाही. जिभेतली दांडी बोलताना, गिळताना, चावताना हलत असते. शिवाय ती घालणाऱ्याला चाळा लागतो. दांडीच्या टोकाचा बॉल दातांमागे ओढायचा, दातांत धरून टक्-टक् वाजवायचं. अभ्यास करताना, बसमध्ये, झोप लागेपर्यंत.

या चाळ्याची खूण पाहायची तर दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा खालच्या पुढच्या दातांच्या मागे धरावा लागतो. बहुधा मधल्या दोन दातांमागे हिरडी चिमटीत ओढल्यासारखी खाली उतरलेली असते आणि दाताचं पिवळसर मूळ उघडं पडलेलं असतं. समोरून काहीच दिसत नाही, सेल्फीत तर नाहीच. दुखतही नाही. एक दिवस थंड पाण्याने कळ येते, तेव्हा पत्ता लागतो. तिथलं हाड मुळातच पातळ, आणि गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. 2002 साली अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ पेरिओडोंटोलॉजी’त 52 प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. लांब दांडी दोन किंवा अधिक वर्षं घालणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हिरड्या आतून उतरलेल्या होत्या. चार किंवा अधिक वर्षं जीभ टोचलेल्यांपैकी 47 टक्क्यांच्या दाढांचे टवके उडालेले होते. ‘कुणाला काय झालं’ याचं उत्तर इतकं स्पष्ट आहे.

‘पण जीभ लवकर भरते’ हा या पक्षाचा सर्वांत जोरकस मुद्दा, आणि तो खरा आहे. जिभेला रक्तपुरवठा भरपूर, जखम चार ते सहा आठवड्यांत भरते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत सूज चढते, कडांवर दातांचे ठसे उमटतात, बोलणं बोबडं होतं. एवढ्या सुजेला जागा हवी म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब दांडी घालतात. खरी चूक इथेच होते. सूज उतरली की दोन ते चार आठवड्यांत ती काढून आखूड दांडी घालायची असते. पण दुखायचं थांबलेलं असतं, नव्या दांडीला पैसे पडतात आणि दुकानवाला आठवण करत नाही. काही आठवड्यांसाठी घातलेली दांडी मग तशीच राहते. जखम भरली म्हणून निर्धास्त झालेला माणूस नेमका त्या दिवसापासून दात आणि हिरड्या झिजवू लागतो.

जीवघेणे प्रसंग विरळा, पण घडलेले आहेत. 1997 साली ‘ब्रिटिश डेंटल जर्नल’मध्ये जीभ टोचल्यावर लुडविग अँजायना झालेल्या तरुणीची नोंद आली. जिभेखालच्या जागेत जंतुसंसर्ग पसरून श्वासच कोंडणारा हा आजार. 2003 साली अमेरिकेतून लहान मेंदूत गळू झाल्याची नोंद आली. हनुवटीखाली घट्ट सूज, थुंकी गिळता न येणं, ताप, श्वासाला त्रास यांपैकी काहीही दिसलं तर दुकानाला फोटो पाठवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. हृदयाच्या झडपेचा विकार, आटोक्यात नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं असतील तर जीभ टोचूच नये. तंबाखू, मिश्री, गुटखा सुटत नसेल तरीही नको.

मग सरसकट ‘करू नका’ म्हणावं का? अमेरिकन डेंटल असोसिएशन तसंच सांगते आणि वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. मलाही कुणी विचारलं तर मी नकोच म्हणेन. पण सज्ञान माणूस ऐकणार नसेल तर नुसत्या नकाराने तो आणखी वाईट ठिकाणी जातो. 2024 च्या डिसेंबरात तिरुचिरापल्लीत एका टॅटूच्या दुकानात जीभ चिरून दुभंगली जात होती. पोलिसांनी अटक केली, दुकानाला सील लागलं. त्याआधी तिथे गिऱ्हाईक येत होतंच ना? वेल्समध्ये 2018 पासून अठरा वर्षांखालच्यांची जीभ टोचायला कायद्याने बंदी आहे. असा नियम आपल्याकडेही हवा, आणि प्रौढांसाठी अटी हव्यात. सुई एकदाच वापरायची, बाकीची हत्यारं ऑटोक्लेव्हमधून काढलेली, कान टोचायची बंदूक जिभेजवळ नको, दांडी शरीरात बसवण्याच्या दर्जाच्या टायटॅनियमची. आखूड दांडीचे पैसे पहिल्याच दिवशी घ्यावेत आणि ती बदलायची तारीख लिहून द्यावी. घरी बर्फ, जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याची चूळ, अल्कोहोल नसलेला माउथवॉश एवढं पुरतं. हळदीची पूड जखमेत दाबू नये.

आणि दातांच्या डॉक्टरांना एक विनंती. जिभेत दांडी दिसली की पेशंटला ओरडू नका. ओरडा बसला की तो पुन्हा फिरकत नाही आणि हिरडी कुणीच पाहत नाही. त्याच्या हातात आरसा द्या, दातामागची हिरडी त्याला दाखवा, तिची उंची मोजून केसपेपरवर लिहा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवा. हिरडी एका मिलिमीटरने जरी उतरली असेल, तरी दांडी त्याच खुर्चीत काढायला सांगा.