घरीच तर असते ती

आमच्या पाचोऱ्याच्या घरात दोन माणसं घरून काम करतात. वरच्या खोलीत मी. पुण्यातल्या एका कंपनीसाठी कोड लिहितो. खाली हॉलमध्ये वहिनी. त्यांच्याकडे सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा सात मुलं असतात. माझा कॉल चालू असला की आई खालच्या सगळ्यांना दटावते, "हळू बोला, त्याचं काम चालू आहे." आणि वहिनींच्या कडेवर एक, पायाशी एक आणि गॅसवर खिमट असताना दारात कुणी आलं, तर तीच आई म्हणते, "या ना, घरीच तर असते ती."

मला या 'घरीच तर'शी भांडायचं आहे. आईशी नाही, तिने ते स्वतःबद्दल आयुष्यभर ऐकलंय. भांडण आधी माझ्याशीच आहे, कारण पाळणाघर सुरू करताना हिशेब मी मांडला होता.

एक्सेलची शीट होती. जागा घरची, म्हणून शून्य. वीज तशीही येतेच, शून्य. वहिनींचा पगार, शून्य. खर्चात फक्त चटया, खेळणी, जिन्याला लावायचं लोखंडी फाटक आणि प्रथमोपचाराची पेटी. फी महिना पंधराशे. पहिल्याच महिन्यात नफा दिसत होता आणि मी शीट सगळ्यांना कौतुकाने दाखवत होतो. असा हिशेब मी ऑफिसात नेला असता तर पहिला प्रश्न आला असता की माणसाचे तास कुठे आहेत? आमच्याकडे बटणाचा रंग बदलायचा असला तरी तास धरतात.

ते तास मी वर्षभराने धरले. रोजचे साडेआठ, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे 221 तास. सात मुलांचे साडेदहा हजार. त्यातून मदतीला येणाऱ्या मावशींचे तीन हजार आणि दूध, खाऊ, साबण, फिनेलचे दीड हजार गेले की उरतात सहा हजार. तासाला सत्तावीस रुपये. जळगावला रेल्वेने ये-जा करणाऱ्या शिक्षिकेची गाडी लेट झाली की त्या दिवशी सत्तावीसही नाहीत.

'शून्य भांडवलात घरबसल्या उद्योग' असे व्हिडिओ करणारे हेच गणित विकतात. भांडवल त्यात असतंच. बाईचा अख्खा दिवस असतो, फक्त तो आधीपासून फुकट धरलेला असतो.

गल्लीतल्या एका आजींनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "पोरे सांभायाना बी पैसा लेतस का?" त्यांचा प्रश्न निदान सरळ होता. शिकलेले लोक तोच प्रश्न फिरवून विचारतात: पैसे आले की माया राहते का? याला उत्तर द्यायला हवं, कारण भीती खोटी नाही. 2016 मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्ही चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. पालक तेव्हापासून कॅमेऱ्याबद्दल विचारतात. विचारावंच. पण कॅमेऱ्यात मार दिसतो. बाई सकाळपासून एकटी किती लेकरांना पुरी पडतेय, ते पाहायला कुणी बसत नाही.

इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला नोंदणी करावी लागते आणि एकटीने साधारणपणे आठ वर्षांखालची सहाच मुलं घेता येतात. त्यातही पाच वर्षांखालची तीन. वहिनींकडची सातही पाचच्या आतली आहेत, आणि मावशी दुपारपुरत्याच येतात. त्या नियमाने आमचं घर चुकतंय, हे मी लपवत नाही. पण पंधराशेच्या फीत तीन मुलं घेऊन पाळणाघर चालत नाही. स्वस्त हवं आणि सुरक्षितही हवं, हे दोन्ही एकाच बाईच्या कमरेवर लादलेलं आहे.

सरकारचंही वेगळं नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती मीच करून दिली. व्यवसायाचा प्रकार निवडताना कळलं की मुलांना दिवसभर सांभाळणं 'इतर सामाजिक कार्य' या गटात मोडतं. ही यादी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेली आहे, म्हणजे हा समज फक्त आपला नाही, एवढंच समाधान.

अंगणवाडी हा शब्द तर आपल्या महाराष्ट्राचा. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा तिथला विचार. 1975 पासून अंगणवाड्या देशभर पसरल्या. पण सेविकेला मिळतं ते मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शिवाय साधारण अंगणवाडी काही तासांत सुटते, आईची ड्युटी सुटत नाही. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पाळणाघर सक्तीचं केलं, ते पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना. माझ्या कंपनीला तो लागू होतो. पाचोऱ्याच्या बाजारात चार माणसांवर चालणाऱ्या कापड दुकानातल्या मुलीला त्याचा काय उपयोग?

या जूनपासून वहिनींनी फी अडीच हजार केली आणि मुलं पाचच ठेवायची ठरवली. शीटमध्ये मी त्यांचा पगार, भाडं, वीज, सगळे रकाने भरले. अजून तोटाच दिसतो, पण निदान दिसतो. दोन घरांनी मुलं काढून घेतली. त्यातल्या एका वडिलांची मोटारसायकल माझ्या लॅपटॉपपेक्षा महाग आहे, ते फोनवर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर घरीच असता." त्यांचं मला काही वाटलं नाही.

खासगी दवाखान्यातल्या नर्सताईंचं वाटलं. त्यांचा पगार अकरा हजार. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण मी आणू कुठून?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पगाराच्या रकान्याकडे बोट दाखवलं. "राहू द्या भाऊजी, तिला जुनीच फी ठेवा," त्या म्हणाल्या आणि पोराला आत घेऊन गेल्या.

मी शीटमध्ये एक ओळ वाढवली: नर्सताई, सूट, एक हजार. शेजारी 'कोण भरतं' असा रकाना केला आणि त्यात वहिनींचं नाव लिहिलं.