वसतिगृहाची निवड कोण करतो?

बारावीचे निकाल लागले की पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत खेड्यांतून आलेले बाप आणि मुले जिने चढू-उतरू लागतात. महाविद्यालयाच्या वसतिगृहातील जागा मोजक्या. त्या गुणांवर भरतात. समाजकल्याण खात्याची यादी लागेपर्यंत पुष्कळदा वर्ग सुरू झालेले असतात. उरते ती 'कॉट बेसिस'वरची खाट. ह्याला विद्यार्थ्याची निवड म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात निवड करतो तो घरमालक, आणि तीही अनेकदा आडनाव विचारून, मांसाहार करता काय हे विचारून.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, अस्पृश्य अशी निरनिराळी वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहे काढली म्हणून महाराजांना दोष देणारे एक गोष्ट विसरतात: समाज एका पंगतीला बसण्यास तयार नसताना निदान पोराच्या डोक्यावर छप्पर आले. त्याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. मुलेच स्वयंपाक करीत, एकत्र जेवीत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहूंचे नाव मिळाले.

आज शासनाचा कल मात्र इमारतीऐवजी रोख रकमेकडे आहे. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली स्वाधार योजना आली. पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी तीत वर्षाला ६०,००० रुपये ठरले. पैकी निवासासाठी २०,०००, म्हणजे महिन्याला सतराशेहूनही कमी. एवढ्यात पुण्यात खाट मिळणे दुरापास्त! रक्कम वाढवावी हे खरेच. पण वाढवलेली रक्कमही त्याच घरमालकाच्या हाती जाते आणि आडनावाचा प्रश्न जिन्यावर तसाच उभा राहतो. साताऱ्यातील मुलांना शेजारी झोपणारा परजातीचा सोबती मिळाला होता. तो बँकेच्या खात्यात जमा करता येत नाही.

म्हणून मागणी सार्वजनिक वसतिगृहांची हवी, शहराच्या मध्यभागी, सरकारी जागेवर. तोवर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देण्यावर न थांबता, यादी लागेपर्यंत मुलांसोबत खात्याच्या दारात बसावे.